क्रूझवरचा किड्स क्लब: खरी तयारी जहाजावर चढायच्या आधीची

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं कुटुंब, सिंगापूरहून पेनांग आणि फुकेत अशी ४ रात्रींची क्रूझ, मुलगा सव्वातीन वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची, सोबत आजी-आजोबा. जहाजावर मुलांसाठी मोफत क्लब असतो असं एजंटने सांगितलं आहे. त्यावर कितपत भिस्त ठेवायची, धाकटा रडला तर काय करायचं, आणि मुलांना तिथे ठेवून आपण बंदरावर उतरावं का?

भिस्त जरूर ठेवा, पण पाळणाघरासारखी नको. सकाळी सोडलं आणि संध्याकाळी आणलं असा हा प्रकार नाही. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर ‘अ‍ॅडव्हेंचर ओशन’ नावाचा क्लब असतो. दिवसभर समुद्रात असताना तो साधारण सकाळी ९ ते १२, दुपारी २ ते ५ आणि रात्री ७ ते १० असा उघडा असतो. मधल्या वेळात जेवणासाठी बंद. म्हणजे कागदावर नऊ तास दिसले तरी ते तीन तुकड्यांत विभागलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तुम्हाला दारात हजर राहावं लागतं. बंदराच्या दिवशी वेळा बदलतात, सहसा लवकर उघडतात. पहिल्या दिवशी दुपारी फक्त नोंदणी आणि जागा दाखवणं चालतं, खरा कार्यक्रम संध्याकाळी सुरू होतो. शेवटच्या सकाळी क्लब नसतोच. हे सगळं वजा केलं तर ४ रात्रींच्या सफरीत सव्वातीन वर्षांच्या मुलासाठी मिळून सात-आठ तासांचा उपयोग झाला तरी भरपूर झाला. तोच हिशोब धरून आखणी करा. त्या सात-आठ तासांत तुमचं एक निवांत जेवण, एक शो आणि एक दुपारची झोप बसते. त्याहून जास्त पकडायला गेलात तर तिसऱ्या दिवशी मूल क्लबच्या दाराशीच अडून बसेल.

वयाचं गणित पासपोर्टवर चालतं. जहाज सुटायच्या तारखेला पूर्ण झालेलं वय धरतात, आणि ‘दोनच आठवडे कमी आहेत हो’ हे कुणी ऐकत नाही. रॉयल कॅरिबियनवर मोफत क्लब तीन वर्षांपासून. त्याखालच्यांसाठी काही जहाजांवर सहा महिन्यांपासूनची नर्सरी वेगळी असते, ती सशुल्क, तासावर आकारलेली, आणि जागा मोजक्याच. डिस्नेचा ‘ओशनिअर क्लब’ ३ ते १० वर्षांच्या मुलांना एकत्र ठेवतो, त्यामुळे वयात अंतर असलेली भावंडं तिथे बरोबर राहू शकतात. एमएससी कंपनीच्या जहाजांवर ३ ते ६ आणि ७ ते ११ असे वेगळे गट आहेत. कार्निव्हलचा ‘कॅम्प ओशन’ दोन वर्षांपासूनच्या मुलांना घेतो. नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर तीनच्या आतल्या बाळांसाठी खेळाची सत्रं असतात, पण आई किंवा बाबांनी सोबत बसायचं असतं. दुबईहून किंवा अमेरिकेतून क्रूझ घेणाऱ्या आपल्या मंडळींनी बुकिंग करण्यापूर्वी हा फरक नीट पाहावा. अडीच वर्षांचं मूल असेल तर जहाजाची निवड इथेच ठरते.

तुमच्या दोघांचे गट वेगळे पडणार. नऊ वर्षांच्या ताईला धाकट्यासोबत बसू देण्याची मुभा काही जहाजांवर मिळते, धाकट्याला वरच्या गटात मात्र जवळपास कुठेच घेत नाहीत. मुभा मिळाली तरी ती पहिल्या वीस मिनिटांपुरतीच घ्या. तीही सुट्टीवर आली आहे, तिला भावाची आया करू नका.

शौचाचा प्रश्न आधी सोडवा

आपल्याकडच्या मुलांचं घोडं हमखास इथे पेंड खातं, आणि माहितीपत्रकात याबद्दल एकच ओळ असते: मूल ‘टॉयलेट ट्रेन्ड’ हवं. त्याचा अर्थ डायपर सुटलं एवढाच घेऊ नका. मुलाने स्वतः सांगायचं, स्वतः चड्डी खाली करायची, बसायचं, स्वतः पुसायचं, फ्लश करायचा, हात धुवायचे. क्लबचे कर्मचारी दारापर्यंत येतात, सूचना देतात. स्वच्छ करून देत नाहीत. पुल-अप डायपरही चालत नाही.

आता आपल्या घरातला तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा काय करतो? ‘आई, झालीऽऽ’ म्हणून हाक मारतो आणि आई येऊन पाण्याने धुऊन देते. क्लबच्या टॉयलेटमध्ये जेट स्प्रे नसतो, मग-बादली नसते, हाक मारायला आई नसते. आहे तो कागद. अशा वेळी मूल एक तर शी दाबून धरतं आणि तासाभराने पोट दुखतं म्हणून रडतं, नाही तर चड्डीत करतं. मग तुम्हाला बोलावणं येतं, आणि मुलाच्या मनात ती जागा लाजेची होऊन बसते. दुसऱ्या दिवशी ते आत पाऊल टाकत नाही, आणि आपण समजतो की त्याला क्लब आवडला नाही.

म्हणून निघायच्या किमान तीन आठवडे आधी घरी सवय सुरू करा. पहिला आठवडा नेहमीसारखं धुवायचं, पण त्याआधी त्याने स्वतः कागदाने एकदा पुसायचं. कागद चार चौकोनांचा घ्यायचा, दोनदा घडी करायचा, पुढून मागे पुसायचं, कागद बघायचा, स्वच्छ येईपर्यंत नवा घ्यायचा. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही दाराबाहेर थांबा, आत जाऊ नका. तिसऱ्या आठवड्यात मॉलमधल्या किंवा हॉटेलातल्या कमोडवर सराव करा, कारण मोठ्या आवाजाच्या फ्लशला मुलं घाबरतात. जहाजावरचे संडास हवा ओढणारे असतात, त्यांचा आवाज विमानातल्यासारखा अचानक आणि दणदणीत येतो. केबिनमध्ये पोहोचल्यावर पहिल्याच तासात तो आवाज मुलाला दोन-तीनदा ऐकवा, बटण त्यालाच दाबू द्या. कपडे इलॅस्टिकचे. जीन्सचं बटण आणि चेन ही तीन वर्षांच्या बोटांची परीक्षा आहे, ती सुट्टीत नको.

रोज सकाळी नाश्त्यानंतर केबिनमध्ये दहा मिनिटं बसवायचं आणि मगच क्लब. जागा बदलली की मुलांचं पोट साफ होत नाही, म्हणून केळं, पपई, पाणी यांवर लक्ष ठेवा. हे साधं वाटतं, पण ही दहा मिनिटं पाळली तर निम्मी बोलावणी टळतात.

नोंदणी: पहिल्या दुपारी, जेवणाच्याही आधी

जहाजावर चढलं की सगळे बुफेकडे धावतात. तुमच्यापैकी एकाने क्लबच्या मजल्यावर जावं. काही कंपन्या अ‍ॅपवर आधी नोंदणी करू देतात. तरी मुलाला घेऊन प्रत्यक्ष जाणं चुकत नाही, कारण मनगटावरचा पट्टा आणि ओळख तिथेच होते. संध्याकाळी सातला पहिल्यांदा गेलात तर पुढे पन्नास कुटुंबं असतील, आणि कंटाळलेलं मूल अनोळखी दारात उभं राहील.

फॉर्ममध्ये या गोष्टी पक्क्या करा. मुलाला घ्यायला कोण येऊ शकतं, त्यांची नावं. इथे आजी-आजोबांची नावं आवर्जून घाला. यादीत नाव नसेल तर सख्ख्या आजीलाही नातू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. प्रत्येकाने आपलं जहाजाचं कार्ड सोबत ठेवायचं, परवलीचा शब्द असेल तर तो आजोबांना पाठ हवा. तो इंग्रजी स्पेलिंगच्या भानगडीत न पडणारा ठेवा, घरच्या कुत्र्याचं किंवा गावाचं सोपं नाव चालेल. मूल फक्त आजी-आजोबांसोबत प्रवास करत असेल तर आई-वडिलांचं संमतिपत्र लागतं, ते बंदरावरच मागतात.

‘कोणत्या नावाने हाक मारायची’ हा रकाना रिकामा सोडू नका. पासपोर्टवर ‘अद्वैत’ असतं, घरी ‘चिमू’. परक्या उच्चारात ‘अड्वाइट’ अशी हाक आली तर तीन वर्षांचं मूल वळूनसुद्धा बघत नाही, आणि कर्मचाऱ्यांना वाटतं की मूल प्रतिसाद देत नाही. तिथे ‘चिमू’च लिहा.

भाषेची दुसरी अडचण गरजा सांगण्याची. मराठी माध्यमाच्या घरातल्या मुलाला गोष्ट कळली नाही तरी चालतं, चित्रकला आणि उड्या मारणं सगळ्या भाषांत सारखंच. पण पाच शब्द तोंडावर हवेत: टॉयलेट, वॉटर, स्टॉप, पेन, कॉल मम्मी. पेन म्हणजे दुखतंय, हे त्याला दुखऱ्या जागेवर बोट ठेवून सांगायला शिकवा. तुमच्याकडूनही क्लबला एक चिठ्ठी द्या: शू म्हणजे काय, शी म्हणजे काय, ‘दुदू’ म्हणजे काय. इंग्रजीत तीन ओळी. कर्मचारी ती मुलाच्या नोंदीला जोडून ठेवतात आणि खरंच वापरतात.

अ‍ॅलर्जी, दमा, आकडीचा इतिहास, सगळं खरं लिहा. ‘लिहिलं तर घेणार नाहीत’ या भीतीने लपवण्यात मुलाचाच धोका आहे. कर्मचारी औषध देत नाहीत, त्यामुळे डोसच्या वेळेला तुम्ही यायचं. इनहेलर किंवा तीव्र अ‍ॅलर्जीवरचं एपिनेफ्रिनचं इंजेक्शन असेल तर ते आत ठेवता येतं का आणि प्रसंगी कोण देणार, हे नोंदणीच्या टेबलावर स्पष्ट विचारा आणि उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून घ्या.

खाणं

तिथे पोटभर जेवण मिळेल असं धरू नका. आधी पोटोबा उरकूनच सोडा. पण पाककलेचा खेळ, वाढदिवस, शोचं बक्षीस अशा निमित्ताने काही ना काही तोंडात जातंच. शाकाहारी घरांनी फॉर्मवर फक्त ‘व्हेजिटेरियन’ लिहून थांबू नये. परदेशात त्यात अंडं चालतं, आणि मार्शमेलो, गमी, जेलीत जिलेटिन असतं, जे प्राण्यांपासून येतं. ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. ‘मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, जिलेटिन नाही’ असं चार वेगळ्या शब्दांत लिहा. जैन घरांनी सोपा मार्ग घ्यावा: क्लबमध्ये पाण्याखेरीज काहीही देऊ नका. घरचा खाऊ आत सहसा नेऊ देत नाहीत, कारण शेजारच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असू शकते. लाडू आणि चिक्कीचा डबा केबिनमध्येच बरा.

पहिल्यांदा सोडताना

पहिली खेप वीस मिनिटांची, तुम्ही सोबत, नोंदणीच्या दुपारी. खेळणी हाताळू द्या, टॉयलेट कुठे आहे ते दाखवा, एका कर्मचाऱ्याचं नाव मुलाला तोंडपाठ करा. दुसरी खेप त्याच संध्याकाळी चाळीस मिनिटांची, तुम्ही बाहेर. तिसरी दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभराची. दीड तासाच्या वर या वयाला नेऊ नका. मुलं खुशीत असताना, ‘अजून थोडं’ म्हणत असताना बाहेर काढायचं. त्यामुळेच पुढच्या वेळी ती आपणहून आत जातात.

चोरपावलांनी निघून जाणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. मूल चित्र रंगवत असतं, आजी खुणेने सांगते ‘निघा आता’, आणि मूल मान वर करून पाहतं तर आई नाही. त्यानंतर ते प्रत्येक दारात तुमचा पदर धरणार. सांगून निघा, आणि घड्याळाची वेळ न सांगता घटना सांगा: ‘गोष्ट संपली, की मी दारात.’ मग खरंच गोष्ट संपताना दारात उभं राहा. पाच मिनिटं आधी पोहोचलात तरी चालेल, दोन मिनिटं उशीर मात्र पहिल्या दोन खेपांत परवडत नाही. सोबत एक छोटी घरची वस्तू द्या, आईची ओढणी किंवा रुमाल, ज्यावर नाव लिहिलंय अशी. आवडतं टेडी देऊ नका, हरवलं तर उरलेल्या रात्री झोप नाही.

सोडताना दोन-चार मिनिटांचं रडणं हे नेहमीचंच. दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर क्लबमधून संपर्क करतात. बोलावलं तर लगेच जा, आणि ‘एवढं काय रडायचं’ म्हणू नका. तो दिवस सोडून द्या, दुसऱ्या दिवशी फक्त सगळ्या कुटुंबासाठी असलेल्या खेळाच्या सत्राला जा, जिथे तुम्हीही आत बसू शकता. काही मुलं तिथून पुढे सरकतात, काही नाही सरकत. सव्वातीन वर्षांचं मूल अनोळखी खोलीत राहायला नको म्हणत असेल तर तो हट्ट नाही. आजी-आजोबा सोबत आहेत तर त्या घरासाठी क्लबशिवायची क्रूझही चांगलीच होते.

तुमच्यापर्यंत निरोप कसा येणार

हे प्रत्येक जहाजावर वेगळं आहे: अ‍ॅपवर संदेश, केबिनचा फोन, किंवा हातात दिलेला छोटा फोन. विचारून घ्या. अ‍ॅप असेल तर मोबाइल विमान-मोडवर टाकून जहाजाचं वायफाय चालू ठेवायचं. रोमिंग चालू राहिलं तर फोन समुद्रावरच्या उपग्रह जाळ्याला लागतो आणि बिल अंगावर येतं. अ‍ॅपला सूचनांची परवानगी आहे का, आवाज चालू आहे का, एवढं तपासा. मोठ्या थिएटरच्या आत सिग्नल दगा देतो, म्हणून शोला बसताना क्लबच्या टेबलावर सांगून जा की आम्ही अमुक मजल्यावरच्या थिएटरमध्ये डाव्या बाजूला आहोत. पहिल्या चाळीस मिनिटांच्या खेपेत तर क्लबच्या मजल्यावरच कॉफी घेत बसा.

आजारपण

नाक वाहणं, ताप, जुलाब, उलटी यांतलं काही असलं तर मुलाला आत घेत नाहीत. उलटी-जुलाब झाले तर वैद्यकीय विभागाला कळवावं लागतं आणि मुलाला केबिनमध्ये ठेवतात. उलटी-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस बंद जागेत झपाट्याने पसरतो, आणि लक्षणं थांबल्यावरही तो काही काळ शरीरातून बाहेर पडत राहतो. त्याच्यावर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं. क्लबमध्ये जाताना आणि क्लबमधून आल्यावर, दोन्ही वेळा हात धुवा. वीस सेकंद म्हणजे ‘शुभं करोति’चं पहिलं कडवं सावकाश दोनदा.

बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो, आणि मुलांची जागा बऱ्याच जहाजांवर वरच्या मजल्यांवर असते, जिथे डोलणं जास्त जाणवतं. केबिनमध्ये ठीक असलेलं मूल वर गेल्यावर पांढरंफटक पडतं ते यामुळे. बालरोगतज्ज्ञाने दिलेलं औषध घरीच एकदा देऊन बघा. काही मुलं त्याने गाढ झोपतात, काही उलट अनावर होतात, आणि दोन्ही प्रकार क्लबमध्ये नकोत.

डायपरमधल्या बाळांना बहुतेक जहाजांच्या मुख्य तलावांत सोडत नाहीत, पोहण्याचं खास डायपर असलं तरीही. त्यांच्यासाठी काही जहाजांवर वेगळी पाणखेळाची जागा असते. क्लबचे कर्मचारी मुलांना सहसा तलावावर नेत नाहीत, तेव्हा पोहणं तुमच्या वाट्याचं.

भोंगा वाजला तर

सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे सर्वसाधारण आणीबाणी. त्या वेळी मूल क्लबमध्ये असेल तर कोणत्याही आईचे पाय वरच्या मजल्याकडेच धावतील. तसं करू नका. हजारो माणसं जिन्याने एका दिशेला जात असतात, तुम्ही उलट जाल, आणि तुम्ही पोहोचेपर्यंत कर्मचारी मुलांना घेऊन निघालेले असतील. मुलाच्या मनगटावरच्या पट्ट्यावर त्याच्या मस्टर स्टेशनचं, म्हणजे जमण्याच्या ठिकाणाचं अक्षर असतं, ते यासाठीच. पट्टा संपूर्ण सफरीत काढायचा नाही. बांधताना एक बोट आत जाईल एवढा सैल ठेवा, नाही तर घामाने पुरळ येतं आणि मूल तो ओढून तोडतं. नोंदणी करताना एकच प्रश्न विचारा: ‘आणीबाणीत मुलांना आमच्या मस्टर स्टेशनवर आणता, की आम्ही दुसरीकडे यायचं?’ उत्तर चौघा मोठ्यांनीही ऐकायला हवं. मस्टर ड्रिल, म्हणजे तिथे जमण्याची रंगीत तालीम, जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच होते. ती टाळू नका, मुलांना सोबत न्या, आणि ती जागा त्यांना डोळ्यांनी दाखवा.

मुलांना ठेवून बंदरावर उतरावं का

रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्या याला हरकत घेत नाहीत. तरी माझं मत ठाम आहे: दोघंही एकदम उतरू नका. मोठ्यांपैकी एक जण, नोंदणीतल्या यादीत नाव असलेला, जहाजावर राहायलाच हवा. बंदरावर वाहतूक तुंबते, पाऊस येतो, टॅक्सी बिघडते, आणि जहाज उशिरा येणाऱ्यांसाठी थांबत नाही. तुम्ही धक्क्यावर राहिलात आणि सव्वातीन वर्षांचं मूल पुढच्या देशाच्या वाटेला लागलं, हा प्रसंग कोणत्याही मंदिर-बाजार फेरीच्या मोलाचा नाही. तुमच्याकडे आजी-आजोबा आहेत. पेनांगला ते जहाजावर राहिले तर फुकेतला तुम्ही राहा.

फुकेतला दोन गोष्टी घात करतात. एक म्हणजे घड्याळ. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ सारखी आहे, थायलंड तासभर मागे. तुमचा मोबाइल किनाऱ्यावर आपोआप थायलंडची वेळ घेतो, आणि जहाजाने आपलं घड्याळ सिंगापूरवरच ठेवलेलं असेल तर मोबाइलवर ४ वाजले असताना जहाजावर ५ वाजलेले असतात. क्लबची वेळ, परत चढण्याची वेळ, सगळं जहाजाच्या घड्याळावर चालतं. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि त्याला हात लावू नका. दुसरी गोष्ट म्हणजे होड्या. फुकेतच्या पातोंग किनाऱ्याला मोठी जहाजं किनाऱ्यापासून दूर नांगर टाकतात आणि लोकांना छोट्या होड्यांनी नेतात. परतीच्या शेवटच्या तासात तिथे लांब रांग लागते. शेवटच्या होडीच्या किमान दोन तास आधी किनाऱ्यावर परत या.

याची चांगली बाजूही आहे. बंदराच्या दिवशी बहुतेक मुलं उतरतात आणि क्लब मोकळा असतो. लाजऱ्या मुलाला पहिली मोठी खेप देण्यासाठी ही सगळ्यात उत्तम वेळ. आजोबा जहाजावरच आहेत, मुलं मोजकी आहेत, आणि कर्मचाऱ्यांना बसून गोष्ट सांगायला सवड आहे.

नऊ वर्षांच्या मुलीचं

तिची चिंता वेगळी. तिला जागा आवडते की नाही यापेक्षा मैत्रीण मिळते की नाही यावर सगळं ठरतं, आणि गट पहिल्याच संध्याकाळी जमतात. ‘आज दमलोय, उद्यापासून पाठवू’ म्हटलं की ४ रात्रींच्या सफरीत ती उशिरा आलेली पाहुणी ठरते. पहिल्या रात्री अर्धा तास का होईना, पाठवाच. सकाळी नाश्त्याला दिवसाचं वेळापत्रक तिच्या हातात द्या आणि दोनच गोष्टी तिला निवडू द्या, विज्ञानाचे प्रयोग किंवा खजिन्याचा शोध. सबंध सकाळ न देता एक कार्यक्रम दिला की ती उत्साहाने जाते.

साधारण आठ-नऊ वर्षांपासून पालकांनी लिहून दिलं तर मूल स्वतः सही करून बाहेर पडू शकतं. नेमकं वय कंपनीगणिक बदलतं. माझा सल्ला, या सफरीत ही परवानगी देऊ नका. जहाज सुरक्षित वाटतं, पण ते अनोळखी माणसांचं गाव आहे, आणि लांबलचक सारख्या दिसणाऱ्या गल्ल्यांत मोठी माणसंही चुकतात. द्यायचीच असेल तर तीन नियम घाला: क्लब ते ठरलेली एकच जागा, कुणाच्याही केबिनमध्ये जायचं नाही, मैत्रिणीच्याही नाही, आणि लिफ्टऐवजी ठरलेला एकच जिना. बारा-तेराच्या पुढच्या मुलांचे क्लब येऊन-जाऊन असतात. तिथे सोडणं-आणणं नसतं, म्हणून रात्री परतायची वेळ तुम्हालाच ठरवावी लागते.

रात्री दहानंतर क्लब चालू असतो, पण तासाचे पैसे लागतात आणि ते खोलीच्या खात्यावर पडतात. तीन वर्षांच्या मुलासाठी तो वापरूच नका. तिथे रडारड कमी आणि पेंगुळणं जास्त असतं, आणि झोपलेलं मूल मध्यरात्री खांद्यावर घेऊन दहा मजले उतरल्यावर ते टक्क जागं होतं. डिस्नेच्या जहाजांवर एक चांगली सोय आहे: उशिराच्या पंगतीला मुलांना आधी वाढतात आणि पाऊण तासाने कर्मचारी त्यांना जेवणघरातूनच क्लबला घेऊन जातात. इतर जहाजांवर हेच तुम्ही स्वतः जमवू शकता. वेटरला पहिल्याच रात्री सांगा की मुलांचं ताट पावासोबतच आणा. ती खाऊन झाली की एकाने सोडून यायचं, तोवर तुमचं मुख्य जेवण येतं.

ऑटिझम किंवा विकासातला वेगळेपणा असलेल्या मुलांसाठी रॉयल कॅरिबियनवर वयाऐवजी क्षमतेनुसार गट देण्याची आणि टॉयलेटच्या नियमात सवलत देण्याची सोय आहे. कार्निव्हलवर आवाज कमी करणारे हेडफोन असलेली पिशवी मिळते. पण एका मुलामागे एक माणूस कुठेच देत नाहीत. बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, जहाजावर पोहोचून सांगितलं तर सोय होईलच असं नाही.

मुंबईहून कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजावर गोव्याची २ रात्रींची फेरी करून आलेली मंडळी ‘आमचा मुलगा तर क्लबमध्ये थांबलाच नाही’ म्हणतात. दोन रात्रींत मूल जागेला सरावतच नाही. तिथे क्लबची आशा न धरता डेकवर, शोला, जेवणाला एकत्र राहा. लक्षद्वीपच्या लांबच्या फेरीत मात्र वरचं सगळं लागू पडतं.

शेवटच्या संध्याकाळी क्लब बंद होण्याआधी एकदा जाऊन या. मुलांची चित्रं, मातीकाम, राहिलेली पाण्याची बाटली आणि आईचा रुमाल तिथेच असतो. पट्टा परत द्यायचा नियम असेल आणि तो राहून गेला तर त्याचे पैसे बिलात लागतात. बिलात रात्रीच्या तासांची किंवा नर्सरीची रक्कम चुकून पडलेली दिसली तर ती त्याच रात्री पाहुण्यांच्या सेवेच्या टेबलावर दाखवा, सकाळी तिथे उतरणाऱ्यांची रांग असते.